पेटीत काय निघेल? ऑनलाइन खेळातील खरेदी आणि घरची बचत

या पाठात आपण पाहणार आहोत :
• ऑनलाइन खेळातील ‘लूट बॉक्स’ म्हणजे काय आणि त्यात पैसा कसा जातो
• दुर्मीळ वस्तू मिळण्याच्या शक्यतेचा साधा हिशेब
• गेलेले पैसे परत मिळतात का, आणि बँकेचे नियम काय सांगतात
• घरातील मोबाइल आणि खाते सुरक्षित ठेवण्यासाठी आजच करायच्या गोष्टी

काउंटरवरचा एक प्रसंग

मी इंदूरच्या एका शाखेत अधिकारी आहे. मागच्या वर्षी शाळा सुरू होण्याच्या सुमारास एक ताई पासबुक घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्या घरून डबे करून देतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, पण गोष्ट अशीच घडली. थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्यांनी बचत खात्यात २२,००० रुपये वेगळे राखले होते. पासबुक भरून घेतले तेव्हा शिल्लक निघाली ३,२७० रुपये.

“मॅडम, माझ्या खात्यातून कोणीतरी पैसे काढलेत. मी तर हातही लावला नाही,” त्या म्हणाल्या.

आम्ही खातेउतारा काढला. तीन महिन्यांत ४७ व्यवहार होते. कुठे ८९ रुपये, कुठे १५९, कुठे ४४९, कधी ८९९. एकही रक्कम मोठी नाही. सगळ्यांची बेरीज १८,७३० रुपये. सगळे पैसे यूपीआयने एकाच ठिकाणी गेले होते, मोबाइलमधील ॲप विकणाऱ्या स्टोअरकडे.

ताईंच्या मोबाइलवर यूपीआय सुरू करून दिले होते त्यांच्या आठवीतल्या मुलाने. पिनही त्यानेच निवडला होता. बँकेचे मेसेज येत होते, पण ते इंग्रजीत असतात म्हणून ताई ते उघडत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन आल्या. तो बराच वेळ खाली बघत उभा होता. मग हळूच म्हणाला, “अजून एकदाच केलं असतं तर निघाली असती.”

चोरी पकडली गेलेल्या मुलाचे हे बोलणे नव्हते. त्याला खरोखरच वाटत होते की पुढच्या पेटीत ती बंदूक निघणार होती. त्याला असे का वाटले, हे समजून घेण्यासाठी हा पाठ आहे. तुमच्या घरात मोबाइल आहे आणि खेळणारे कोणी आहे, मग ते मूल असो वा मोठे माणूस, तर हा पाठ तुमच्यासाठीही आहे.

लूट बॉक्स म्हणजे काय?

लहानपणी शाळेजवळच्या दुकानात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या तुम्ही पाहिल्या असतील. पैसे द्यायचे, एक चिठ्ठी फाडायची, आत जे लिहिले असेल ते घ्यायचे. बहुतेक वेळा गोळी नाहीतर फुगा. पुठ्ठ्यावर सर्वांत वर मात्र मोठे घड्याळ टांगलेले. नजर घड्याळावर, हातात फुगा.

लूट बॉक्स ही त्याच चिठ्ठीची मोबाइलमधील आवृत्ती आहे. खेळात एक बंद पेटी विकत घ्यायची आणि उघडायची. आत काय आहे ते पैसे दिल्यावरच कळते. पोशाख, बंदुकीचे रंगरूप, खेळाडू, पात्र, असे काहीही निघू शकते. बहुतेक वेळा साधी वस्तू निघते, क्वचित दुर्मीळ. प्रत्येक खेळात नाव वेगळे : क्रेट, केस, पॅक, स्पिन, ड्रॉ. जपानमध्ये याला ‘गाचा’ म्हणतात. नाणे टाकून मूठ फिरवली की बंद डबीतले खेळणे बाहेर पडते, तशा तिथल्या यंत्रांवरून हे नाव आले.

दुकानातील चिठ्ठी आणि ही पेटी यांत तीन फरक आहेत.

पहिला, पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या संपतात. शंभरातली नव्वद फाडली तर उरलेल्या दहांत घड्याळ असण्याची शक्यता खरोखर वाढते. मोबाइलमधील पेट्या कधीच संपत नाहीत.

दुसरा, दुकान संध्याकाळी बंद होते आणि मुलाच्या खिशात चारच रुपये असतात. मोबाइल रात्री दोन वाजताही उघडा असतो आणि त्याला जोडलेले असते आईवडिलांचे खाते.

तिसरा फरक बचत करणाऱ्याने नीट लक्षात घ्यावा. चिठ्ठीतून निघालेले घड्याळ घरी येते, प्रसंगी विकताही येते. खेळातील बहुतेक वस्तू तुमच्या मालकीच्या होत नाहीत. त्या फक्त त्या खेळात वापरता येतात. खेळ बंद पडला किंवा खाते बंद केले गेले की वस्तूही गेली. आपल्याकडे लाखो मुले खेळत असलेला पबजी मोबाइल २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने बंद केला आणि फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये. ज्यांनी त्यांत पैसे घातले होते, त्यांना ते पैसे किती पक्के होते हे तेव्हा कळले.

म्हणून पेटीवरचा खर्च हा कोणत्याही अर्थाने गुंतवणूक नाही. दुर्मीळ वस्तू निघाली तरी तुमच्या खात्यात एक रुपयाही परत येत नाही.

रुपयाचे रूप बदलते

खेळातील पेटी बहुधा थेट रुपयांत मिळत नाही. आधी रुपये देऊन खेळातले चलन घ्यावे लागते. बीजीएमआयमध्ये त्याला यूसी म्हणतात, फ्री फायरमध्ये डायमंड. मग त्या चलनाने पेटी घ्यायची. हा वळसा कशासाठी, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, ८९ रुपयांत ६० नाणी मिळतात आणि एका पेटीला ५० नाणी लागतात. एक पेटी घेतली की १० नाणी उरली. दहा नाण्यांत काहीच येत नाही, पण ती वाया जाऊ द्यायला मन होत नाही. आणखी ६० नाणी घेतली, पेटी उघडली, आता २० उरली. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी थोडे उरते आणि ते उरलेलेच पुढच्या खरेदीला बोलावते.

आता विचारा, एक पेटी केवढ्याला पडली? पन्नास नाण्यांना, हे मूल लगेच सांगेल. रुपयांत किती, हे सांगायला कागद लागेल. ८९ भागिले ६० गुणिले ५०, म्हणजे सुमारे ७४ रुपये. जे सांगायला कागद लागतो ते खेळताना कोणी मोजत नाही. खिशातून नोट काढताना हात थोडा थांबतो. नाणी खर्च करताना तो थांबत नाही.

यात ‘पहिल्या खरेदीवर दुप्पट’ आणि ‘आज रात्रीपर्यंतच’ अशा सवलतींची भर पडते. सवलत असली तरी खर्च तो खर्चच.

शक्यतेचा हिशेब

आता मुलाच्या वाक्याकडे येऊ. “अजून एकदाच केलं असतं तर...”

समजा, दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता १ टक्का आहे आणि पेटीची किंमत ४० रुपये. शंभरात एक, म्हणून शंभर पेट्या घेतल्या की एक नक्की मिळेल असे बहुतेकांना वाटते. तसे नसते. प्रत्येक पेटी उघडताना वस्तू न निघण्याची शक्यता ९९ टक्के असते, आणि मागच्या पेटीत काय निघाले हे पुढच्या पेटीला ठाऊक नसते. नाणे उडवून पाच वेळा छापा आला म्हणून सहाव्यांदा काटा येईलच असे नाही, तसेच हे.

हिशेब असा पडतो :

१० पेट्या, खर्च ४०० रु. : वस्तू न मिळण्याची शक्यता सुमारे ९० टक्के
५० पेट्या, खर्च २,००० रु. : सुमारे ६१ टक्के
१०० पेट्या, खर्च ४,००० रु. : सुमारे ३७ टक्के
२०० पेट्या, खर्च ८,००० रु. : सुमारे १३ टक्के
३०० पेट्या, खर्च १२,००० रु. : सुमारे ५ टक्के

तिसरी ओळ पुन्हा वाचा. शंभर मुलांनी प्रत्येकी ४,००० रुपये घातले, तर साधारण ३७ मुलांना ती वस्तू मिळणारच नाही. तीनशे पेट्या उघडूनही शंभरांतली सुमारे पाच मुले रिकाम्या हाताने राहतील. ज्याला तिसऱ्याच पेटीत वस्तू निघाली तो मात्र त्याचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवेल. आपण पाहतो ते व्हिडिओ त्याचे. रिकाम्या हाताने राहिलेले व्हिडिओ काढत नाहीत.

प्रत्यक्षातील दोन आकडे पाहा. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळातील पेटी उघडायला २.४९ डॉलरची किल्ली लागते. चीनमध्ये शक्यता जाहीर करणे बंधनकारक झाल्यावर तिथे छापले गेले की सर्वांत दुर्मीळ गटातील वस्तू, म्हणजे खास चाकू वगैरे, निघण्याची शक्यता ०.२६ टक्के आहे. म्हणजे सरासरी ३८५ पेट्यांमागे एक. किल्ल्यांचाच खर्च साडेनऊशे डॉलरच्या वर. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळात पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे.

काही खेळांत ‘इतक्या वेळा काही निघाले नाही तर पुढे हमखास’ अशी हमी असते. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये ती ९० व्या वेळी मिळते. ही हमी चांगली वाटते, पण तिचा दुसरा परिणामही पाहा. साठ वेळा पैसे घालून झालेल्या माणसाला आता थांबणे म्हणजे साठ वाया घालवणे वाटू लागते. हमी त्याला थांबू देत नाही.

या सगळ्यातून घ्यायचा नियम एकच. पेटी घेण्यापूर्वी शक्यता वाचा आणि १०० ला त्या टक्केवारीने भागा. ०.५ टक्के असेल तर १०० भागिले ०.५, म्हणजे सरासरी २०० पेट्या. त्याला एका पेटीच्या रुपयांतल्या किमतीने गुणा. आलेला आकडा ही त्या वस्तूची खरी किंमत समजा. ॲपलने डिसेंबर २०१७ पासून आपल्या स्टोअरमधील खेळांना अशी शक्यता दाखवणे बंधनकारक केले आणि गूगल प्लेने २०१९ मध्ये. ती खेळातच असते, पण बहुधा कोपऱ्यातल्या छोट्या खुणेमागे.

मन का अडकते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरे आणि उंदीर यांच्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कळ दाबल्यावर ठरावीक वेळेला दाणा मिळत असेल तर प्राणी शांतपणे दाबतो. दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल तर तो दाबतच राहतो, आणि दाणे बंद झाले तरी बराच वेळ थांबत नाही. जुगाराच्या यंत्रांमागे हेच तत्त्व आहे आणि लूट बॉक्समागेही. मूल कमकुवत मनाचे आहे म्हणून अडकते, असे नाही.

त्याच्या जोडीला आणखी चार गोष्टी काम करतात.

१. थोडक्यात हुकल्याचा भास. चक्र फिरते आणि दुर्मीळ वस्तूच्या शेजारीच थांबते. ‘अगदी जवळ आले होते’ असे वाटते. खरे तर निकाल बटण दाबताच संगणकाने ठरवलेला असतो. चक्र ही फक्त सजावट.
२. घातलेल्या पैशाची ओढ. इतके गेले, आता सोडून कसे द्यायचे?
३. मुदतीची घाई. ‘फक्त तीन दिवस शिल्लक’.
४. मित्रांत कमीपणा. जुन्या पोशाखातल्या खेळाडूला बाकीचे चिडवतात. आठवीतल्या मुलाला हे फार लागते.

कायदा काय म्हणतो?

हा प्रश्न जगभर चर्चेत आहे. जपानमध्ये २०१२ साली ग्राहक व्यवहार संस्थेने, गाचातून निघालेल्या ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला की मोठे बक्षीस, हा प्रकार कायद्याविरुद्ध ठरवला. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये काही प्रसिद्ध खेळांतील पैसे देऊन घ्यायच्या पेट्या जुगारच आहेत असे सांगितले. नेदरलँड्समध्ये एका मोठ्या कंपनीला याच कारणावरून एक कोटी युरोंचा दंड झाला होता, पण तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने मार्च २०२२ मध्ये तो रद्द केला. म्हणजे शेजारशेजारच्या दोन देशांत निकाल वेगवेगळे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये गेन्शिन इम्पॅक्टच्या कंपनीशी दोन कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड केली. पालकांच्या संमतीशिवाय १६ वर्षांखालील मुलांना अशा पेट्या विकू नयेत, ही त्यातील एक अट.

आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन कायदा मंजूर केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायच्या खेळांवर या कायद्याने बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीच्या खेळांना मात्र मोकळीक आहे.

‘लूट बॉक्स’ हा शब्द त्या कायद्यात नाही. ज्या पेटीतली वस्तू पैशात बदलता येत नाही, ती ‘पैसे जिंकण्याच्या खेळा’त सरळ बसेलच असे नाही. त्यामुळे कायदा आला, आता काळजी नको, असे समजू नका. घरच्या खात्याची राखण घरानेच करायची आहे.

पैसे परत मिळतात का?

ताईंचा पहिला प्रश्न हाच होता. उत्तर देणे मला जड गेले, पण ते तुम्हालाही माहीत असायला हवे.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवले आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच भार नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, उदाहरणार्थ पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिल्यामुळे, नुकसान झाले तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे.

घरातल्या मुलाला पिन ठाऊक असणे यातच मोडते. बँकेच्या दृष्टीने पिन बरोबर पडला, व्यवहार बरोबर झाला. मुलगा आपलाच आहे, म्हणून नियम बदलत नाही.

दुसरा मार्ग स्टोअरकडे परतावा मागण्याचा. गूगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती थेट करता येते. ॲपलच्या स्टोअरमध्येही विनंतीची सोय आहे. मंजूर होईलच अशी हमी नाही, पण उशीर झाला की आशा कमी होत जाते. ताईंच्या शेवटच्या दोन दिवसांतील चार व्यवहारांचे १,२३६ रुपये असे परत आले. बाकीचे १७,४९४ रुपये गेले ते गेले. मुलीच्या प्रवेशाचा पहिला हप्ता त्यांनी भिशी उचलून भरला.

मेसेज पहिल्याच दिवशी वाचला असता तर नुकसान ८९ रुपयांचे झाले असते.

घरी आजच करा

१. यूपीआय पिन बदला. नवा पिन स्वतः, एकट्याने टाका. मोबाइल मुलाने शिकवला तरी पिन त्याला दाखवू नका. जन्मसाल आणि गाडीचा नंबर टाळा.

२. स्टोअरमधील खरेदीला कुलूप लावा. गूगल प्लेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे, ती चालू करा. मुलाचा वेगळा मोबाइल असेल तर गूगलचे फॅमिली लिंक किंवा ॲपलचे ‘आस्क टू बाय’ सुरू करा. मग प्रत्येक खरेदीला तुमची मंजुरी लागते.

३. साठवलेले कार्ड काढून टाका. स्टोअरच्या पेमेंट पर्यायांत जुने डेबिट कार्ड जपून ठेवलेले असते. गरज नसेल तर काढा.

४. ऑटोपे तपासा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो. १५,००० रुपयांपर्यंतची नेहमीची कपात एकदा मंजूर केली की दर वेळी पिन लागत नाही. अनोळखी मँडेट दिसल्यास रद्द करा. कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना येते, ती वाचा.

५. यूपीआय लाइट चालू आहे का पाहा. त्यात लहान रकमा पिनशिवाय जातात. मोबाइल मुलांच्या हातात असतो अशा घरात त्यात अगदी थोडी रक्कम ठेवा किंवा ते बंद ठेवा.

६. दोन खाती ठेवा. रोजच्या खर्चाचे खाते यूपीआयला जोडा. फी, लग्न, दवाखाना यांसाठीचा पैसा दुसऱ्या खात्यात, आवर्ती ठेवीत किंवा मुदत ठेवीत ठेवा. ताईंचे २२,००० मुदत ठेवीत असते, तर ते ८९-८९ करून निसटले नसते.

७. मेसेज समजत नसेल तरी आकडा वाचा. ‘डेबिटेड’ या इंग्रजी शब्दाशेजारचा आकडा तुमचा नसेल तर त्याच दिवशी शाखेत या. मेसेजची भाषा बदलून मिळते का, तेही विचारा.

८. ‘फुकट डायमंड’, ‘अर्ध्या किमतीत यूसी’ अशा लिंक उघडू नका. तिथे खेळाचा पासवर्ड किंवा बँकेचा ओटीपी मागतात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा आणि बँकेलाही सांगा.

मुलाशी कसे बोलावे?

मोबाइल हिसकावून घेतला की मूल लपवायला शिकते. त्याच्याशेजारी बसा आणि त्याच्याच खेळातील एक पेटी घेऊन वरचा हिशेब त्याला करायला लावा. बटण दाबू नका, फक्त हिशेब. मुलांना गणित पटते, उपदेश पटत नाही.

खेळावर खर्च करायचाच असेल तर महिन्याची रक्कम आधी ठरवा, तीही मुलाच्या खाऊच्या पैशातून. आत काय आहे ते दिसत असेल अशी वस्तू घ्या, बंद पेटी नको. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना दिली आहे. खात्यातील पैसा आपला आहे आणि तो संपतो, हे मुलाला अशा खात्यावरून जितके कळते तितके बोलून कळत नाही.

झोप उडाली, अभ्यास सुटला, पैशासाठी खोटे बोलणे सुरू झाले, असे दिसले तर ते एकट्याने निस्तरू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. हेच मोठ्या माणसांनाही लागू. आमच्याकडे वैयक्तिक कर्ज मागायला येणाऱ्यांच्या उताऱ्यातही असे छोटे छोटे व्यवहार दिसतात.

तेच पैसे दुसरीकडे

महिन्याला ५०० रुपये पेट्यांवर जात असतील तर पाच वर्षांत ३०,००० रुपये जातात आणि हाती शून्य राहते. तेच ५०० रुपये टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत ६.७ टक्के दराने ठेवले तर मुदतीअखेर सुमारे ३५,६८० रुपये मिळतात. यात शक्यता किती, हा प्रश्नच नाही. कोणत्या तारखेला किती मिळणार ते पहिल्या दिवशी पुस्तकात लिहून मिळते.

स्वाध्याय

१. एका पेटीची किंमत ६० रुपये आणि वस्तू निघण्याची शक्यता २ टक्के आहे. त्या वस्तूची सरासरी खरी किंमत किती?
२. एका मुलाने १ टक्का शक्यतेच्या ९९ पेट्या उघडल्या, काहीच निघाले नाही. हमीची अट नाही. शंभराव्या पेटीत निघण्याची शक्यता किती?
३. वडिलांचा पिन वापरून मुलीने सोमवारी ४४९ रुपयांची खरेदी केली. वडिलांना मंगळवारी कळले. त्यांनी सर्वांत आधी काय करावे?

उत्तरे : (१) १०० भागिले २ म्हणजे ५० पेट्या, गुणिले ६०, म्हणजे ३,००० रुपये. (२) १ टक्काच. (३) ४८ तास संपलेले नाहीत, म्हणून स्टोअरकडे परताव्याची विनंती करावी. त्याच वेळी पिन बदलावा आणि स्टोअरच्या खरेदीला पासवर्ड लावावा.

तो मुलगा आता नववीत आहे. आईच्या डब्यांचा हिशेब तो वहीत लिहितो, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला ताई आवर्ती ठेवीचा हप्ता भरायला येतात तेव्हा कधी कधी बरोबर असतो. परवा त्याने मला विचारले, “मॅडम, हे पूर्ण व्हायला किती महिने राहिले?” मी पुस्तक उघडून त्यालाच मोजायला सांगितले. तुम्हीही आज एक काम करा. मोबाइल घ्या, मागच्या तीन महिन्यांचा खातेउतारा उघडा आणि शंभर-दीडशेच्या आतले व्यवहार एकदा मोजा.